दोन्ही अंगाने

गुढियारी, रायपूर
२५ जानेवारी २०१६

ती. भाऊ,

रमाचा तुला आणि वहिनीला नमस्कार. पोस्टाचं पाकीट पाहून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोन हाताशी असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं तू म्हणशीलच. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे माझा आवाज चढतो, आणि माझा आवाज चढला की नेमकं तुला ऐकू येईनासं होतं. कागदावर तशी सोय नाही, म्हणून कागद घेतला.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, थंडी आहे तोवर खाली बसून भाजी चिरायचा हट्ट सोड, टेबलावर चिरलेली भाजीसुद्धा शिजते. इथेही यंदा थंडी बरी आहे. ह्यांचा खोकला दिवाळीला पाहुणा आला तो अजून मुक्कामाला आहे. विशालचं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाणं-येणं चालू आहे. ज्ञानदा सकाळी नव्या रायपूरची ऑफिसची बस पकडते आणि अंधार पडल्यावर परतते. एवढे रुंद रस्ते केलेत आणि त्यांवर माणूस दिसत नाही, असं ती पूर्वी रोज सांगायची. हल्ली काही सांगत नाही.

काल छेरछेरा होता. आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, मुलं पिशव्या घेऊन दारोदार तांदूळ मागत फिरली. दरवर्षी ज्ञानदा दारात सूप घेऊन बसते, प्रत्येकाला ओंजळ भरून देते आणि मोठ्या मुलांशी भांडते, तू मघाशी येऊन गेलास, आता परत आलास म्हणून. काल रविवार होता, सुट्टी होती, तरी ती वरच्या खोलीतून खाली आली नाही. मीच दिले. मुलंच विचारत होती, दीदी कुठे आहे. झोपली आहे म्हणून सांगितलं.

संक्रांतीचं हळदीकुंकूही केलं नाही. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं म्हणून दिवस ढकलते आहे. बायका आल्या की वाणाकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघतील, आणि विचारतील, लग्नाचं कुठवर आलं.

लग्न ठरल्याप्रमाणे आहे, एप्रिलच्या शेवटी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. तू घडवून आणलेलं लग्न आहे, ते होणार.

तू बैठकीला होतास, मी नव्हते. म्हणजे अमरावतीला मुलाच्या घरात होते, पण आत, बायकांमध्ये. निरंजनची आई मला तिचा स्वतःचा शालू दाखवत होती. बाई चांगली वाटली, खोटं कशाला बोलू, अजूनही वाटते. बाहेर तुम्हा मंडळींचं काय चाललंय ते पडद्यातून अर्धंमुर्धं कानावर येत होतं. मग एकदम मोठं हसणं झालं, कोणीतरी साखर आणा म्हणालं, आणि तिने माझ्या तोंडात चिमूटभर साखर घातली. मी तिथूनच ज्ञानदाला फोन लावला. ती म्हणाली, "सच में, आई?" एकतीस वर्षांची मुलगी, पण आवाज शाळेतल्या मुलीचा झाला होता.

तो दिवस मी जपून ठेवला आहे. इतकं निर्मळ सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

परतीच्या गाडीत गोंदिया गेल्यावर मी डबा उघडला. विशाल पराठे खाता खाता खुशीत होता. म्हणाला, "आई, लोग कितने अच्छे हैं. खुद ही बोले, शादी दोनों अंग से होगी. मैंने बोला, हव, बिलकुल."

माझा घास तोंडातच राहिला. मी विचारलं, नीट सांग, कोण काय बोललं. त्याने सांगितलं ते असं. निरंजनचे वडील, वासुदेवराव, सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मंग लग्न दोन्ही अंगानं, जसं ठरलं तसं." आणि विशालला वाटलं, ठरलं म्हणजे निरंजन-ज्ञानदाचं ठरलं ते. ती दोघं नोव्हेंबरात तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला गेली होती, तेव्हा त्यांनी आपसात ठरवलं होतं की लग्न रायपूरला, साधं, आणि खर्च अर्धा-अर्धा. ज्ञानदाने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा ह्यांनी उठून देवापुढे दिवा लावला होता. तेव्हा दोन्ही अंगाने म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून, असा ह्या मुलाने अर्थ लावला आणि मोठ्या हौसेने हव म्हणून बसला. हेही शेजारी मान डोलावत होते.

भाऊ, तुला मी ह्या शब्दाचा अर्थ सांगायला नको. आपल्या आक्काचं लग्न बाबांनी दोन्ही अंगाने करून दिलं होतं. आपलं अंग आपण केलं आणि त्यांचंही आपणच केलं. त्यांची वऱ्हाडाची मोटार, त्यांचे आहेर, त्यांचा बँड, सगळं बाबांनी केलं, आणि तरी आक्काची सासू मरेपर्यंत वरणात मीठ कमी होतं म्हणून सांगत राहिली. विदर्भातल्या पोरासोराला कळतं ते. पण माझं घर रायपूरचं. ह्यांचे वडील रेल्वेत लागून इकडे आले, हे इथे जन्मले, इथेच मालधक्क्यावर नोकरी झाली. मुलं मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. त्यांना दोन्ही म्हणजे दोन, आणि अंग म्हणजे बाजू. चुकले कुठे? शब्दाचं भाषांतर तर बरोबरच केलं होतं त्यांनी.

मी गाडीतच सांगितलं. विशाल हसला. म्हणाला, आई, तुम्हारे जमाने का कुछ होगा. हे म्हणाले, निरंजन शिकलेला मुलगा आहे, असं कसं असेल. मी गप्प बसले नाही, चांगली दुर्गपर्यंत डोकं खात होते. पण मग मलाही वाटायला लागलं की मीच जुनाट, मला सगळीकडे खोटच दिसते. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. जसं ठरलं तसं. कोणाशी ठरलं?

पंधरवड्यानंतर वासुदेवरावांचा फोन आला. अमरावतीला त्यांच्या नातेवाइकांसाठी वेगळं रिसेप्शन, त्याचं कार्यालय त्यांनी बघून ठेवलं होतं, तुम्ही कधी येऊन पक्कं करता, असं विचारत होते. मग वऱ्हाडाच्या बसेस, मग त्यांच्याकडच्या मानपानाच्या साड्या. हे ऐकत गेले, ऐकत गेले, आणि शेवटी हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, मले समजलंच नाही हो. आम्ही आधा-आधा समजून राहिलो होतो."

वासुदेवराव रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आलं असतं. शांतपणे त्यांनी तुझं नाव घेतलं.

काय म्हणाले ते पुढे लिहिते. आत्ता पोळ्या करायच्या आहेत.

(दुपार झाली. पोळ्या झाल्या. जेवायला कोणी नाही, हे आणि मी.)

विशालबद्दल आधी लिहिते. तो पोरगा पार खचला आहे. त्याचं जेवण तुटलं आहे. दिवसातून एकदा तरी माझ्यासमोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "मैंने ही बोला ना, आई, मैंने ही हव बोला." मी त्याला सांगते की तू नसतं म्हटलंस तरी काही फरक पडणार नव्हता. ते त्याला पटत नाही. आता मोबाईलवर मराठी शब्द शोधत बसतो. काल मला विचारत होता, "बैठकीत लिहितात ती याद म्हणजे काय, मानपान म्हणजे काय." इतकी वर्षं मी मराठी बोल, मराठी बोल म्हणून ह्याच्या मागे लागले, आणि तो मराठी शिकायला बसला तो ह्यासाठी.

ह्यांनी नव्या रायपूरच्या वाटेवरची जागा विकायला काढली आहे. तुला आठवत असेल, राज्य नवीन झालं तेव्हा सगळे म्हणत होते, राजधानी तिकडे सरकणार, आत्ता घ्या. ह्यांनी आयुष्यात तेवढंच एक धाडस केलं. दर दसऱ्याला आम्ही तिथे जाऊन चार विटांना हळदकुंकू लावून यायचो आणि घर कुठे, अंगण कुठे, ते पायाने रेघा ओढून ठरवायचो. परवा दलाल आला होता. हे त्याला जागा दाखवून आले आणि चप्पल न काढता खुर्चीवर बसून राहिले.

जागेचं मला दुःख नाही. दुःख निरंजनचं आहे. हे वाचताना तुला वाटेल, मुलीची आई आहे, जावयाला नावं ठेवणारच. तसं नाही. मला तो आवडला होता.

ज्ञानदाने त्याला सगळं सांगितलं. तिने एवढंच मागितलं की तू तुझ्या वडिलांना एक वाक्य बोल, आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा ठरवलं होतं. भांडू नकोस, अडून बसू नकोस, फक्त हे वाक्य त्यांच्या कानावर घाल. तो दोन दिवस हो, बोलतो म्हणत राहिला. मग म्हणाला, बाबांना आता सांगितलं तर त्यांचा मान जाईल, चार माणसांत साखर वाटली आहे. तू आत्ता होऊ दे, लग्नानंतर मी तुला माझ्या पगारातून थोडं थोडं परत करीन, घरी कळणार नाही.

ज्ञानदाने मला हे वरणाला फोडणी देताना सांगितलं, अगदी सहज, बस उशिरा आली असं सांगावं तसं. मी म्हणाले, मग तू काय बोललीस? ती म्हणाली, "कुछ नहीं. उसको लगा मैं मान गई." आणि ताट वाढून घेऊन वर गेली.

त्या दिवसापासून ती वरच्या खोलीतच असते. ऑफिसला जाते, येते, पगार ह्यांच्या हातात ठेवते. रडली असती तरी मला बरं वाटलं असतं.

आता जे टाळत होते ते लिहिते.

ह्यांना नवीन मोबाईल वापरता येत नाही. आवाज मोठा करायला जातात आणि स्पीकर चालू होतो, मग तो बंद कसा करायचा ते सापडत नाही. वासुदेवरावांचा फोन आला तेव्हाही तसंच झालं होतं. संध्याकाळची वेळ होती. ज्ञानदा नुकतीच ऑफिसातून आली होती आणि दारात बसून बूट काढत होती. वासुदेवराव जे म्हणाले ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण ते माझ्या कानातून जात नाही.

"बाबाराव, तुम्ही असं काहून म्हणून राहिले? आम्ही काही मांगतलं नव्हतं. अनंतरावच घरी येऊन बोलले. म्हणे, पोट्टी एकतीसची झाली, दोन जागी नकार झाला, तिच्या मायबापाले आता घासाघीस करायची सोय नाही. लग्न दोन्ही अंगानं करून देतील, तुम्ही हो म्हणा."

ज्ञानदाच्या हातात एक बूट होता. तो तिने जोडीच्या बुटाला लावून नीट भिंतीशी ठेवला आणि उठून आत गेली.

भाऊ, तू असं बोललास का? मी तुला फोनवर हेच विचारलं होतं, तर तू म्हणालास, आवाज तुटून राहिला, नंतर कर. नंतर मी दोनदा केला. दोन्ही वेळा वहिनीने उचलला आणि तू शेतावर गेला आहेस म्हणाली. मागून तुझं खाकरणं मला ऐकू येत होतं. वहिनीला बोल लावत नाही, तिला जे सांगितलं ते ती बोलली.

मी तुझ्या बाजूने खूप विचार करून पाहिला. तुला खरंच काळजी वाटत असेल. स्थळ हातचं जाऊ नये असं वाटलं असेल. रायपूर राजधानी झाली, तिथे दोघं कमावती, ह्यांना पेन्शन, हे लोक देतील सहज, असंही वाटलं असेल. ह्यातलं सगळं मी समजून घेतलं. पण मला विचारलं का नाहीस? एक फोन. रमा, ते दोन्ही अंगाने मागतील असं दिसतंय, झेपेल का, एवढंच. मी नाही म्हणाले असते, आणि तुला ते माहीत होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस. आणि ते मागतही नव्हते. त्यांनी तोंड उघडायच्या आत तू माझ्या मुलीची किंमत सांगून आलास, आणि तीही कमी करून.

ज्ञानदाला दोन नकार आले होते हे आमच्या घराबाहेर फक्त तुला माहीत होतं. तिनेच तुला सांगितलं होतं. मला सांगायच्या आधी ती तुला सांगायची सगळं. मला त्याचा कधी राग आला नाही, मी म्हणायचे, बरं आहे, मामा आहे तिला.

निरंजनचं उत्तर कळल्यावर आम्ही तिघं बोललो. मी म्हणाले, मोडून टाका. मी हे तोंडाने बोलले. विशाल म्हणाला, हां, तोड़ दो. ह्यांनीही होकाराची मान हलवली. मला वाटलं, सुटलो. लोक बोलतील, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. जागा राहील, घर राहील, मुलगी राहील.

तेवढ्यात ज्ञानदा खाली आली. तिने सगळं ऐकलं होतं. ह्या घरात आता सगळे सगळं ऐकतात. ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "नहीं तोड़ना. टूट गया तो मामा की बात सच हो जाएगी. सब बोलेंगे, देखो, इकतीस की थी, यह भी गया. कर दो शादी, आई. जैसा उन्होंने बोला, वैसा कर दो."

मी म्हणाले, अगं पण त्या मुलाबरोबर जन्म काढायचा आहे तुला. ती म्हणाली, "निकल जाएगा."

निकल जाएगा. हे ती लग्नाबद्दल म्हणाली, भाऊ. दाढदुखीबद्दल म्हणावं तसं. त्यानंतर मी तिच्याशी वाद घालायचे प्रयत्न केले, समजावलं, रागावले, एकदा तिच्या पायाशी बसले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, आई, तू दमशील. तिला समजावायला मी तुलाच बोलावलं असतं. दुसऱ्या कोणाचं ती ऐकत नव्हती. आता कोणाला बोलावू?

म्हणून लग्न होणार आहे. रायपूरला आमच्या अंगाचं आणि अमरावतीला त्यांच्या अंगाचं, दोन्ही आम्हीच करणार. जागेचा व्यवहार ठरत आला आहे. निरंजनच्या आईने मला काल फोन करून विचारलं, ज्ञानदाला कोणता रंग आवडतो. मी म्हणाले, तुम्ही घ्याल तो. आणि फोन ठेवून मोरीत जाऊन नळ सोडून रडले, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. हे बाहेर दाराशीच उभे होते. नळ बंद केल्यावर टॉवेल पुढे केला.

तुझ्याकडून मला काही नको. तू पैसे पाठवशील, असं वाटतं. पाठवू नकोस. हे परत पाठवतील आणि पोस्टाचा खर्च वाढेल. वासुदेवरावांना फोन करून सारवासारवही करू नकोस, त्याने ज्ञानदा आणखी हलकी होईल.

लग्नाला मात्र ये. वहिनीला घेऊन ये. तू आला नाहीस तर लोक विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल. तुझा मामाचा मान, फेटा, आहेर, सगळं होईल, आम्ही त्यात कमी करणार नाही. दोन दिवस आधी आलास तरी चालेल.

परवा गुरुजी आले होते. मुलीला बोहल्यावर आणायला मामा कोण, ते त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगणार, तेवढ्यात ज्ञानदाच म्हणाली, "मामा नहीं लाएंगे. मैं अपने से चल के आऊंगी." गुरुजी म्हणाले, असं नसतं बेटा, मुलीला मामानेच आणायचं असतं. ती म्हणाली, "मामा एक बार पहुँचा चुके हैं, गुरुजी. बहुत है."

तेव्हा अक्षता घेऊन तू मागच्या लोकांत उभा राहा. तिच्या खोलीच्या दारापाशी जाऊ नकोस. ती बाहेर येईल तेव्हा तिच्यासमोर हात करू नकोस. ती धरणार नाही, आणि ते मला बघवणार नाही.

वहिनीला सांभाळ. उत्तर पाठवायची गरज नाही.

ज्ञानदाची आई,
रमा